निजमावशीच्या हातची वेणी

घड्याळजींचा चष्मा रोज सकाळी हरवायचा. तो त्यांच्याच कपाळावर चढलेला असायचा आणि ते त्याला टेबलाखाली, उशीखाली, वर्तमानपत्राच्या घडीत शोधत फिरायचे. निजमावशी गॅसपाशी उभी राहून चहा गाळत होती आणि नवऱ्याची ती शोधमोहीम कानांनीच बघत होती. सांगायची घाई तिला कधीच नसे.

"अहो, कपाळाला विचारून बघा जरा."

"विचारलं. ते म्हणतंय, बायकोला विचार."

बाहेरच्या खोलीत ऊन नुकतंच आत आलं होतं. ते आधी खिडकीच्या कट्ट्यावर बसायचं, मग फळीवरच्या कंगव्यांवरून घरंगळत त्या बुटक्या लाकडी खुर्चीपाशी यायचं. खुर्ची गिऱ्हाइकाची. तिच्यामागचं उंच स्टूल मावशीचं. फळीवर रुंद दातांचे कंगवे, बारीक दातांचे कंगवे, बशीत चिमटे, पाणी फवारायची बाटली आणि दांडीला वाळत घातलेले जुने मऊ सुती सदरे. टॉवेलनं केस पुसणं मावशीला मान्य नव्हतं. "टॉवेल केसांशी भांडतो," ती म्हणायची.

वेणी घालून घ्यायला आसपासच्या गल्ल्यांतल्या बायका तिच्याकडे येत, पण खरं सांगायचं तर त्या झोपायला येत. मावशीची बोटं डोक्यातून फिरू लागली, की भलीभली बाई बोलता बोलता थांबायची. बेकरीवाली तर पहाटेपासून भट्टीपुढे उभी असायची. ती खुर्चीत टेकली की भावाच्या लग्नाची गोष्ट सुरू करायची आणि नवरदेव दारात यायच्या आत तिची मान कलायची. वर्षानुवर्षं तो नवरदेव दारातच उभा होता. जाग आली की बायका चेहरा पुसत म्हणायच्या, "अगं बाई, मी स्वप्नात कुठं कुठं जाऊन आले!" आणि मावशी विचारायची, "कुठं?" मग त्या सांगायच्या. त्या खोलीत जितक्या वेण्या घातल्या गेल्या, तितकीच स्वप्नं सांगितली गेली. म्हणून ती निजमावशी. खरं नाव तिला स्वतःलासुद्धा आठवावं लागलं असतं.

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरला नाही तोच दारावर थाप पडली. बेल चालू असताना कुणी थाप मारली, म्हणजे ते घरचंच माणूस.

दारात भाची उभी होती. थोरल्या बहिणीची मुलगी, चष्म्यांच्या दुकानात काम करणारी. एरवी ती कामावर जायच्या गडबडीत असायची, अशी ही वेळ. तिच्या हाताला धरून तिची मुलगी ढगू. ढगूचे केस म्हणजे दाट, बारीक वेटोळ्यांचा एक काळा ढगच होता, म्हणून हे नाव मावशीनंच ठेवलेलं. पण आज तो ढग दिसत नव्हता. उकाड्याच्या दिवसांत पोरीच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती, कानांच्याही खाली ओढलेली.

"काय गं, बर्फ पडलंय का बाहेर?" घड्याळजींनी विचारलं.

ढगू हसली नाही. भाची आत येऊन उभीच राहिली.

"मावशी, रागावू नकोस. आज हिचे केस काढून टाकते. दुपारी सलूनमध्ये सांगून ठेवलंय, मशीन मारून घेणार. तुला आधी सांगावं म्हणून आले."

मावशीच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. "केस काढायचे? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"हिच्याच डोक्यातून निघालं. बघ."

भाचीनं टोपी काढली. आधी वास आला, ओलसर, बंद कपाटासारखा. मग दिसलं. गेल्या आठवड्यात मावशीनंच घातलेल्या वेण्यांच्या मधल्या वाटांवर पिवळसर पापुद्रे बसले होते. कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर बारीक पांढऱ्या पुळ्या आल्या होत्या, दोनचार खाजवून लाल झालेल्या. आणि कानशिलांपाशी, जिथं बाळकेसांची लव असायची, तिथं कातडी उघडी दिसत होती.

"त्वचेच्या डॉक्टरबाईंना दाखवलं काल," भाची म्हणाली. "त्या म्हणाल्या, कोंडा आहेच, त्यावर तेल थापून थापून तो माजलाय. धुण्याचं औषध दिलंय, मलम दिलंय. पण औषध केसांना लागून उपयोग नाही, कातडीला लागलं पाहिजे. मी रात्री बाथरूममध्ये तासभर खटपट केली. पाणी आत शिरतच नाही गं हिच्या! वरून ओतलं की वरूनच निघून जातं. ही रडते, मी ओरडते. त्यापेक्षा केसच नकोत."

"आणि हे कानशिलाचं?"

 भाचीनं ढगूच्या खांद्यावरचा नसलेला धागा काढला.

"ते वेणीमुळे, म्हणाल्या. ओढून घातलेल्या. वेळेत सोडलं तर केस परत येतील, मुळं अजून जिवंत आहेत. असंच चालू राहिलं तर मात्र तिथं कायमची जागा पडेल."

घड्याळजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. बायकोचा चेहरा आत्ता बघण्यासारखा नसणार, हे त्यांना संसारानं शिकवलं होतं.

"माझ्या वेणीनं?" मावशी म्हणाली. "अख्ख्या गल्लीच्या वेण्या घालते मी. बायका घोरतात माझ्या हाताखाली. कुणाला दुखलं असतं तर झोप लागली असती का? आणि ही तर सगळ्यांत गुणाची. बसल्याबरोबर डोळे मिटते. एक शब्द नाही, हूं नाही की चूं नाही!"

"मी कुठं म्हणतेय तू मुद्दाम केलंस..."

"अर्थ तोच झाला की!"

ढगू दोघींच्या मधे उभी होती. टोपी तिनं पुन्हा हातात घेतली होती आणि तिची लोकर ती नखांनी उचकटत होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

मावशीच्या ते लक्षात आलं. भांडताना माणसाला सगळं दिसत नाही, पण लोकर उचकटणारी ती बोटं तिला दिसली. ती खाली बसली, पोरीच्या तोंडासमोर तोंड आणून.

"ढगू, तुला काढायचेत का गं केस?"

ढगूनं आईकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

"मग मला एक सकाळ दे," मावशी भाचीला म्हणाली, पोरीवरची नजर न काढता. "औषध कातडीला पोचवून दाखवते. नाही पोचलं, तर दुपारी मी स्वतः येते सलूनमध्ये, हिचा हात धरायला."

भाचीनं घड्याळजींकडे पाहिलं. वर्तमानपत्रामागून आवाज आला, "चहा आहे अजून. बस."

भाची खिडकीपाशी बसली. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

आधी वेण्या सोडवायच्या होत्या. मावशीनं ढगूला खुर्चीत बसवलं आणि टोकांकडून सुरुवात केली. एकेक पेड उलगडताना केस हळूहळू श्वास घेतल्यासारखे फुगू लागले. मधेच मावशी थांबली. मुळाशी, जिथून वेणी निघत होती तिथं, कातडी तंबूच्या कापडासारखी वर ताणली गेली होती. पेड सुटला तशी ती सावकाश खाली बसली. इतक्या वर्षांत हे तिनं पाहिलं नव्हतं. ती वेणी घालायची. सोडायचं काम घरोघरीच्या आया करायच्या.

पुढचा पेड तिनं आणखी सावकाश धरला.

मोरीत तिनं स्टूल ठेवलं, ढगूचं डोकं मागे झुकवून मानेखाली सदऱ्याची गुंडाळी दिली. कोमट पाणी. तांब्यानं नाही, मोठ्या बादलीतून मगानं नाही. भांडी घासायच्या साबणाची एक रिकामी, निमुळत्या तोंडाची बाटली तिनं कधीची स्वच्छ धुऊन ठेवली होती, ती घेतली. तिच्यात औषधाचा शाम्पू आणि पाणी घालून हलवलं.

मग तिनं भांग पाडायला घेतले. हे तिचंच राज्य. कपाळापासून मानेपर्यंत एक, कानापासून कानापर्यंत एक, चार भागांना चार चिमटे. एक भाग सोडायचा आणि त्यात पुन्हा बोटाएवढ्या अंतरानं बारीक वाटा. त्या वाटा पांढऱ्या, अरुंद, दाट रानातून जाणाऱ्या. मावशीला नेहमी वाटायचं, अशा वाटेनं आपण चालत गेलो तर पलीकडे एखादं तळं लागेल. तिनं बाटलीचं तोंड वाटेवर टेकवलं आणि पाण्याची बारीक धार थेट कातडीवर सोडली. केस बाजूला उभे राहिले, जणू कुणी मोठं माणूस येतंय म्हणून रस्ता दिला. बोटांच्या पेरांनी, नखं अजिबात न लावता, ती कातडी हळूहळू हलवत राहिली. केस चोळायचे नव्हते. केसांना वाहत्या फेसाचं पाणी पुरे.

"गार लागतंय?"

"नाही."

"झोंबतंय?"

"थोडं. इथं."

"बरं, तिथं नुसतं ठेवते."

एक वाट झाली, दुसरी झाली. मोरीच्या छोट्या खिडकीतून येणारं ऊन वाफेत पसरलं होतं आणि भिंतीवर पाण्याच्या सावल्या हलत होत्या. नळातून थेंब पडत होता, बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, आणि हे सगळं लांबून, दुसऱ्याच कुठल्या तरी घरातून आल्यासारखं ऐकू येत होतं. मावशीची बोटं तिच्या मनाला न विचारता चालत होती. सगळीकडे औषध लागल्यावर डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तितका वेळ थांबायचं होतं. ती स्टुलाच्या मागे उभी राहिली, ओले हात ढगूच्या कानांवर ठेवून. अर्धवट लोटलेल्या दारातून बाहेरची खोली दिसत होती. भाचीची मान खिडकीच्या चौकटीला टेकली होती, तोंड किंचित उघडं.

"बघ," मावशी कुजबुजली, "आई झोपली. नुसत्या पाण्याच्या आवाजानंच गेली. आता तू पण झोप."

"मला नाही येत," ढगू म्हणाली.

"आज नाही येत?"

"कधीच नाही येत. मी नुसते डोळे मिटते."

मावशीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण मोरीत दुसरा आवाज नव्हता.

"अगं, दर वेळी तर झोपतेस. पापण्या हलतात तुझ्या. मी बघते ना."

"त्या घट्ट मिटल्या की हलतात."

"आणि मग ती स्वप्नं? कागदी होडीतून समुद्राच्या तळाशी गेलीस ते? आणि ते पांढरे पक्षी, तुझ्या केसात घरटं बांधणारे?"

"ती मी तिथंच बनवायचे," ढगू म्हणाली. मग, मावशीआजीला वाईट वाटेल म्हणून असेल, तिनं जोडलं, "जास्त दुखलं की जास्त चांगली यायची."

 मावशीनं मोरीच्या कट्ट्याला हात लावला. त्या होडीची गोष्ट तिनं बेकरीवालीला सांगितली होती. सगळ्यांना सांगितली होती. ढगूची स्वप्नं सगळ्यांत सुंदर, असं ती म्हणत फिरली होती, आणि तसं म्हणताना आपले हात पुढे करून बघायची, जणू ती या हातांचीच करणी.

"का गं बाळा? सांगायचं नाहीस?"

"सगळ्यांना येते ना झोप. मला नाही आली तर तुला वाटलं असतं, तुझं काहीतरी बिघडलंय."

नळातून थेंब पडला.

"आणि इथं कमीच दुखायचं," ढगू समजावू लागली. आता ती बोलायला लागली होती आणि ती थांबायला तयार नव्हती. "घरी गेलं की जास्त. वाळलं ना, की आवळायचं. रात्री उशीवर डोकं ठेवता यायचं नाही. मग मी पालथी झोपायचे. सकाळी भुवया वर जायच्या माझ्या. वर्गात बाई म्हणायच्या, एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय तुला?"

हे ऐकून मावशीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला.

वाळलं की आवळायचं. किती साधं होतं ते! बेकरीवालीचे केस सरळ, शेजारणींचे फार तर लाटांचे. ते ओले काय, कोरडे काय, लांबी तीच. ढगूचे वेटोळे मात्र ओले असताना खांद्यापर्यंत येत आणि वाळले की कानाशी जाऊन बसत. ओले केस शहाण्या पोरांसारखे ऐकतात, म्हणून मावशी ढगूच्या वेण्या नेहमी ओल्यावरच घालायची, वरून तेलाचा हात, आठवडाभर एक केस हलायला नको म्हणून जरा चापूनचोपून. तिच्या खुर्चीत त्या वेण्या बेतशीर असत. मग पोर घरी जाई, केस वाळत, आखडत आणि मुळांना धरून ओढत राहत, रात्रभर. आत ओल, वर तेल. पापुद्र्यांना आणखी काय हवं होतं? तिच्या देखत काहीच घडत नव्हतं. जे घडायचं ते तिच्या दारातून बाहेर पडल्यावर.

तिचा हात नकळत स्वतःच्या कानशिलाकडे गेला. केस तिचेही वेटोळ्यांचेच. रोज अंघोळ झाली की ओल्यावरच चापून वेणी. कानशिलं केव्हाची उघडी पडली होती आणि ती म्हणत आली होती, वय झालं.

"मावशीआजी, फेस डोळ्यात येतोय."

"आले, आले."

तिनं धुवायला घेतलं. पुन्हा वाटेवाटेनं, पाणी नितळ येईपर्यंत, आणि त्यानंतरही थोडं. मग टोकांना मऊ करणारं क्रीम, पण फक्त टोकांना. कातडीपासून ते लांब ठेवलं. रुंद कंगवा खालून वर, गुंता आला की तिथंच थांबून बोटांनी सोडवायचा. आता ती दर थोड्या वेळानं विचारत होती आणि ढगू उत्तरं देत होती. इथं बरं वाटतंय. इथं नको. आई गं! हळू! आणि प्रत्येक आई गं बरोबर मावशी हात उचलत होती. एवढा आवाज त्या घरात डोकं धुताना कधी झाला नव्हता. घड्याळजी येऊन दारातून डोकावून गेले.

"सगळं ठीक ना? कुणी जागं आहे असं ऐकू आलं."

"ठीक आहे. तुम्ही जा."

बाहेरच्या खोलीत, उन्हात, तिनं सुती सदऱ्यानं केस नुसते टिपले. मुळं वाळेपर्यंत काही बांधायचं नाही, असं स्वतःलाच सांगत ती मागे बसून राहिली. हातांना काम नव्हतं आणि ते मांडीवर अवघडून पडले होते. ढगूचे केस हळूहळू उठू लागले. आधी कडेचे, मग वरचे, एकेक वेटोळं आपापल्या जागी परत येत. वाटा मिटत गेल्या. उन्हात पोरीच्या डोक्याभोवती एक तपकिरी धुकं उभं राहिलं आणि मावशीला वाटलं, हे आपण इतकी वर्षं दोऱ्या लावून खाली बांधून ठेवत होतो. पुळ्यांवर तिनं मलमाचा बारीक टिपका लावला. पापुद्रे बरेच गेले होते. खालची कातडी लालसर होती, पण स्वच्छ, आणि वास साबणाचा.

भाची दचकून जागी झाली. "किती वेळ झाला? उठवायचं नाही का?" मग तिनं ढगूकडे बघितलं आणि उठून जवळ आली. केस बाजूला सारून तिनं बराच वेळ पाहिलं, चष्म्याच्या काचेवरचा ओरखडा शोधावा तसं.

"पोचलंय गं औषध," ती म्हणाली. "पण मावशी, हे मला घरी कसं जमायचं?"

"जमेल. बाटली देते, भांग पाडायला शिकवते. आणि इथं आण, मीही करीन. वेणी मात्र नाही घालायची."

"तू म्हणतेस हे?"

"मीच म्हणते. डॉक्टरबाईंचं खरं होतं. आणि ते माझ्याकडून झालं." हे शब्द मावशीला वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले. "ओल्यावर घालत होते मी. वाळले की आवळायचे. कानशिलं भरेपर्यंत केस मोकळे सोड. शाळेत फारच बोलले तर मागे सैल रुमाल, कपाळाला ताण न देता."

 भांडणाची तयारी करून आलेल्या माणसाला समोरचं दार उघडंच सापडलं की तो जसा अडखळतो, तशी भाची अडखळली. मग तिनं पर्समधून फोन काढला आणि खिडकीकडे तोंड करून सलूनवाल्याला सांगितलं, "आज नको. हो, मीच. डॉक्टरांकडे परत दाखवायचंय, तोवर तरी नको."

"तोवर तरी," ती फोन ठेवताना मावशीकडे बघून पुन्हा म्हणाली.

"तेवढं पुरे," मावशी म्हणाली.

निघताना ढगू दारात थांबली. टोपी आता आईच्या पर्समध्ये होती. पोरीनं डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे हलवून बघितलं, हलकं लागतंय का ते.

"पुढच्या वेळी पण येऊ ना?" तिनं विचारलं. "मी डोळे उघडे ठेवले तर चालेल?"

मावशी उंबऱ्यापाशी खाली बसली. तिला खूप काही म्हणायचं होतं. त्या होडीबद्दल, त्या पांढऱ्या पक्ष्यांबद्दल, पालथ्या झोपून काढलेल्या रात्रींबद्दल.  तिनं पोरीचे दोन्ही हात हातात घेतले.

"ढगू, माझं एक काम कर. दुखलं की तेव्हाच मला सांग."